मोबाइलचं लोकेशन चुकतंय, शेतात उभं राहूनही गट लांब दाखवतोय? आधी या क्रमाने तपासा

पीक पाहणी, म्हणजे शेतात उभं राहून अ‍ॅपवरून पिकाची सातबाऱ्यावर नोंद, सुरू झाली की माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांची तक्रार एकच, "लोकेशन बरोबर घेत नाही". तक्रार एक वाटते पण दुखणी वेगवेगळी असतात, म्हणून आधी लक्षणं बघा आणि तुमचं त्यातलं कुठलं ते ओळखा.

- शेतात उभे आहात पण अ‍ॅप म्हणतं तुम्ही गटापासून, म्हणजे तुमच्या नंबरच्या जमिनीपासून, आठशे मीटर, एक किलोमीटर लांब आहात
- गुगल मॅपचा निळा ठिपका शेजारच्या गावात दिसतो, मधेच उडी मारून बरोबर जागी येतो, परत जातो
- ठिपका साधारण जागेवर आहे पण त्याच्या भोवतीचा फिकट निळा गोल एवढा मोठा की चार-पाच गट त्यात बसतात
- ठिपका राखाडी झालाय, तुम्ही चालताय पण तो हलत नाही
- जागा बरोबर आहे पण तोंड उलट्या दिशेला दाखवतो
- मॅपवर सगळं ठीक, फक्त एकाच अ‍ॅपमध्ये चुकतं
- घरच्यांना पाठवलेलं लाइव्ह लोकेशन स्क्रीन बंद झाली की अडकतं

आता एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फोन जागा तीन ठिकाणांहून काढतो. एक उपग्रह, दुसरं आजूबाजूचे वायफाय, तिसरं मोबाइलचा टॉवर. उपग्रह मिळाले आणि वर मोकळं आकाश असलं तर चांगला स्मार्टफोन पाच मीटरच्या आसपास बरोबर सांगतो. शहरात वायफायवरून पंधरा-वीस ते पन्नास मीटरपर्यंत अंदाज येतो, आणि नुसत्या टॉवरवरून काढलं तर खेड्यात एक-दोन किलोमीटरचा फरक सहज पडतो कारण टॉवरच लांब लांब असतात. शिवारात वायफाय कुठून येणार, त्यामुळे तिथं उपग्रह नाही मिळाले की फोन सरळ टॉवरवर जातो आणि ठिपका गावात दिसायला लागतो. म्हणजे चूक किती मीटरची आहे त्यावरूनच निम्मं निदान होतं. किलोमीटरमध्ये चूक असेल तर फोन उपग्रह वापरतच नाहीये, किंवा अ‍ॅपला ती अचूक जागा दिली जात नाहीये. वीस-तीस मीटरची असेल तर उपग्रह आहेत पण सिग्नल कमजोर आहे.

फुकटातली पहिली तपासणी, व्हॉट्सअ‍ॅपवर

नवीन काही टाकायची गरज नाही. कुठल्याही चॅटमध्ये कागदाच्या पिनेचं चिन्ह दाबा, लोकेशन दाबा, पाठवू नका, फक्त बघा. "सेंड युअर करंट लोकेशन" च्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं अ‍ॅक्युरेट टू इतके मीटर्स. तो आकडा बघत एका जागी उभे राहा. आधी ८००, मग ६५, मग २०, मग ८ असा उतरत गेला की समजायचं उपग्रह मिळतायत, फोन ठणठणीत आहे. दोन-तीन मिनिटं झाली तरी आकडा शेकड्यातच अडकला असेल तर पुढे वाचा.

हा आकडा महत्त्वाचा का, तर एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. फोन ८ मीटर म्हणत असेल आणि तुम्ही बांधावर उभे असाल तर शेजाऱ्याचा गट दाखवणं साहजिक आहे, त्यात फोनची चूक काहीच नाही. बांधावरून फोटो काढायची सवय सगळ्यांनाच असते, चिखल असतो, पण गटाच्या आत मधोमध जा, विशेषतः अरुंद पट्ट्या असतील तर. माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटल्यात.

आकाश

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून २०,२०० किलोमीटर वर आहेत, तिथून येणारा सिग्नल फार क्षीण असतो आणि जागा पक्की करायला निदान चार उपग्रह लागतात. पत्र्याचं शेड, ट्रॅक्टरचं टप, स्लॅबचं घर, यातून तो येत नाही किंवा भिंतीवर आपटून वाकडा येतो. दाट आंब्याची बाग, उंच ऊस, त्यात पाऊस पडून पानं ओली असली की सिग्नल बराच खातात. पण ढगांनी काही होत नाही, "आभाळ आलंय म्हणून लोकेशन घेत नाही" हे मी रोज ऐकतो आणि ते खरं नाही, ढग आणि पाऊस यांचा या सिग्नलवर नगण्य परिणाम होतो. सह्याद्रीच्या पायथ्याला, दरीत, जिथं अर्धं आकाश डोंगराने झाकलंय तिथं मात्र खरंच वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

फोन खिशातून काढून हातात सपाट धरा, वरचा भाग बोटांनी झाकू नका, बऱ्याच फोनमध्ये जीपीएसचा अँटेना वरच्या कडेला असतो. लोखंडी पत्रा किंवा चुंबक असलेलं कव्हर असेल तर काढा. ज्यांचं तोंड उलट दिसतं ना, त्यांचं दुखणं बहुतेक वेळा हे चुंबकच असतं, फ्लिप कव्हरचं किंवा गाडीतल्या मोबाइल स्टँडचं. त्याने फोनमधलं होकायंत्र बिघडतं, जीपीएसचा त्याच्याशी संबंध नाही. चुंबक बाजूला करून फोन हवेत आडव्या आठाच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवा, होकायंत्र सरळ होतं.

रेंज नसली तर जीपीएस चालतं का?

चालतं. फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त ऐकतो, त्याला नेट लागत नाही. पण नेट असलं की कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती फोनला दोन-चार सेकंदात मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि उपग्रह फार सावकाश बोलतो, एका उपग्रहाची स्वतःची माहिती ऐकायला साधारण तीस सेकंद लागतात आणि मधे सिग्नल तुटला की परत पहिल्यापासून. सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण ऐकायची तर साडेबारा मिनिटं. म्हणून महिनाभर लोकेशन बंद असलेला फोन रेंज नसलेल्या माळावर नेऊन ऑन केला तर तो घोळ घालणारच.

यावर उपाय अगदी सोपा. घरातून निघताना, रेंज आहे तिथं अंगणात उघड्यावर या, लोकेशन ऑन करा, मॅप उघडा, ठिपका घराच्या दारात नीट बसू द्या आणि मगच शेताकडे निघा. ती माहिती फोनकडे दोन-तीन तास कामाला येते. पुढचं अर्धं काम इथंच झालं.

बॅटरी सेव्हर, वेळ आणि रीस्टार्ट

बॅटरी सेव्हर बंद करा. चार्जिंग वीस टक्क्यांच्या खाली गेलं की बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप लागतो आणि स्क्रीन बंद झाली की लोकेशनही थांबवतो. लाइव्ह लोकेशन अडकतं त्याचं पहिलं कारण हेच. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय प्रत्येक अ‍ॅपला वेगळा बॅटरीचा नियम असतो, तिथं त्या अ‍ॅपला "नो रिस्ट्रिक्शन्स" किंवा "अनरिस्ट्रिक्टेड" द्या. वारीत, जत्रेत लाइव्ह लोकेशन अडकलं तर मात्र सेटिंगशी झगडू नका, तिथं लाखो फोन एकाच टॉवरवर असतात, तुमच्या फोनला जागा बरोबर कळलेली असते पण ती नेटवरून पुढे जात नाही.

तारीख आणि वेळ "ऑटोमॅटिक" वर आहे का बघा. हे कुणी बघत नाही. तारीख चुकली की अ‍ॅपचं सर्व्हरशी जुळत नाही आणि उपग्रहांची नेटवरून आलेली माहितीही गोंधळते.

मग दहा सेकंद एअरप्लेन मोड लावून काढा, त्याने नाही झालं तर फोन बंद करून चालू करा. लोकेशनची सर्व्हिस आतून अडकलेली असेल तर ती नव्याने सुरू होते, बाकी जादू काही नाही.

परमिशन, इथंच सगळ्यात जास्त घोळ

मॅपवर बरोबर आणि एकाच अ‍ॅपमध्ये चूक, असं असेल तर दुसरीकडे कुठे शोधू नका, थेट इथं या. अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, अ‍ॅप इन्फो, परमिशन, लोकेशन. फोन मराठीत असेल तर "स्थान" असं दिसेल.

पहिलं बघायचं परमिशन आहे का. तुम्ही म्हणाल मागच्या हंगामात दिली होती. दिली असेल, पण अँड्रॉइड ११ पासून जे अ‍ॅप काही महिने उघडलं नाही त्याच्या परमिशन फोन स्वतःहून काढून घेतो. पीक पाहणीचं अ‍ॅप आपण खरिपात उघडतो, मग रब्बीला, मधे चार-पाच महिने कुणी हात लावत नाही, त्यामुळे हे दर हंगामाला होतं आणि लोकांना वाटतं अ‍ॅप बिघडलं. तिथंच खाली "अ‍ॅप वापरात नसेल तर परमिशन काढा" अशा अर्थाचा एक स्विच असतो, या एका अ‍ॅपपुरता तो बंद करून ठेवा.

दुसरं, "यूज प्रिसाइज लोकेशन" म्हणजे अचूक स्थान. अँड्रॉइड १२ पासून परमिशन मागताना दोन गोल नकाशे दिसतात, प्रिसाइज आणि अ‍ॅप्रॉक्झिमेट. घाईत अ‍ॅप्रॉक्झिमेटवर बोट पडलं की अ‍ॅपला तुमची जागा साधारण तीन चौरस किलोमीटरच्या अंदाजाने कळते. अ‍ॅपचा काही दोष नाही, जीपीएसचा नाही, पण गट मात्र किलोमीटरभर लांब. हा एक स्विच चालू केला की आठशे मीटरची चूक पुढच्या मिनिटाला पाच मीटरवर येते, हे मी लोकांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलंय. आयफोनमध्येही २०२० पासून, आयओएस १४ पासून, हाच प्रकार आहे. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग लोकेशन सर्व्हिसेस, मग ते अ‍ॅप, तिथं प्रिसाइज लोकेशन चालू हवं.

"ऑल द टाइम" द्यायची गरज पीक पाहणीला नाही, मॅपलाही नाही, "अ‍ॅप वापरत असताना" एवढं पुरतं. आणि टॉर्च, वॉलपेपर, कसल्या कसल्या गेम, यांना लोकेशन दिलेलं दिसलं तर तिथल्या तिथे काढून टाका. तुमच्या घराचा पत्ता टॉर्चला कशाला हवा. हे मी अगदी मनापासून सांगतोय, घरातल्या बायका-मुलींच्या फोनमध्ये ही यादी एकदा शांतपणे त्यांच्या सोबत बसून बघा.

फोनच्या सेटिंग्जमध्ये लोकेशनच्या पानावर "लोकेशन सर्व्हिसेस" मध्ये गुगल लोकेशन अ‍ॅक्युरसी असते, ती चालू ठेवा. वायफाय स्कॅनिंगही चालू ठेवा, गावात घराच्या आत त्याचा उपयोग होतो. इथं एक वेगळाच प्रकार सांगतो, पुण्याहून घर बदलून नाशिकला आलेले लोक सांगतात की घरात बसल्यावर फोन अजून पुण्यात दाखवतो. तो राउटर आधी पुण्यात होता, त्याची नोंद त्या जागेवर आहे, फोन त्याला ओळखतो. गच्चीवर जाऊन बघा, उपग्रह मिळाले की बरोबर येतं. काही दिवसांनी नोंद आपोआप बदलते, फोन दुरुस्तीला द्यायचं काही कारण नाही.

खोट्या लोकेशनचं अ‍ॅप

सेटिंग्जमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स (एरवी लपलेला, अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचा भाग) चालू असेल तर त्यात "सिलेक्ट मॉक लोकेशन अ‍ॅप" बघा, तिथं काही निवडलेलं असेल तर काढा आणि डेव्हलपर ऑप्शन्सच बंद करा. कुणीतरी हजेरीसाठी, गेमसाठी खोटं लोकेशन दाखवणारं अ‍ॅप टाकलेलं असतं, फोन भावाकडून वडिलांकडे येतो आणि वडिलांना माहीतच नसतं. सरकारी आणि बँकेची बरीच अ‍ॅप अशा फोनवर चालायलाच नकार देतात. शेतात न जाता घरून पाहणी करता यावी म्हणून असलं अ‍ॅप टाकून द्या, असं मला विचारतात तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणतो. पीक सातबाऱ्यावर चढतं, विमा, नुकसानभरपाई सगळं त्याच्यावर, उद्या पंचनाम्याला उभं राहायचं तुम्हालाच आहे.

अपडेट आणि कॅशे

ते अ‍ॅप, गुगल मॅप आणि गुगल प्ले सर्व्हिसेस अपडेट करा, मग अ‍ॅपची कॅशे, म्हणजे त्याने साठवलेली तात्पुरती माहिती, क्लिअर करा. पण "क्लिअर डेटा" किंवा "क्लिअर स्टोरेज" ला हात लावण्याआधी थांबा. अपलोड न झालेल्या नोंदी, फोटो त्यात असतील तर सगळं जाईल आणि परत शेतात जावं लागेल. आधी रेंजमध्ये येऊन सगळं अपलोड झालंय याची खात्री करा. अ‍ॅप काढून परत टाकायचं असेल तरी हाच नियम.

उपग्रह मोजून बघा

इथपर्यंत येऊनही सुधारलं नाही तर जीपीएसटेस्ट नावाचं फुकट अ‍ॅप टाका. उघड्या मैदानात उभे राहा आणि पाच मिनिटं द्या. त्यात प्रत्येक उपग्रहाची ओळ दिसते, अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइडू, आणि फोनमध्ये सोय असेल तर आपल्या इस्रोचे नाविकसुद्धा. समोर सिग्नलचा आकडा असतो. ३५ ते ४५ म्हणजे उत्तम. २५ च्या खाली म्हणजे कमजोर.

वाचायचं असं. भरपूर उपग्रह, आकडे चांगले, तरी अ‍ॅप चुकतंय, तर फोन निर्दोष आहे, परमिशनकडे परत जा. उपग्रह दिसतायत पण उघड्यावरही सगळ्यांचे आकडे वीसच्या आत, तर अँटेनाचा प्रश्न. पाच-दहा मिनिटांत एकही ओळ नाही, तर आतला भाग गेलाय. शेजारी दुसरा कुणाचा फोन धरून दोन्ही एकाच वेळी बघितले तर शंकाच राहत नाही.

दोन-तीन वेगळे फोन, सगळ्यांवर आकडा पाच-सहा मीटर, आणि तरी सगळे तुमचा गट तेवढाच आणि त्याच बाजूला सरकलेला दाखवतायत, तर फोनवाल्याकडे येऊच नका. आधी गट नंबर बरोबर निवडलाय का बघा, आणि बरोबर असेल तर नकाशातली हद्द आणि जागेवरची वहिवाट जुळत नाहीये. स्क्रीनशॉट काढा आणि तलाठ्याकडे जा, हद्दीचाच प्रश्न निघाला तर पुढे भूमी अभिलेखची मोजणी. मोबाइलच्या दुकानात हे कुणीच दुरुस्त करू शकत नाही आणि करतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

घरी करायचा शेवटचा उपाय

सेटिंग्जमध्ये रीसेट, त्यात "वायफाय, मोबाइल आणि ब्लूटूथ रीसेट". सेव्ह केलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो-कॉन्टॅक्ट जात नाहीत. आयफोनला "रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी", त्यानंतर सगळी अ‍ॅप परमिशन नव्याने मागतात. पूर्ण फोन फॉरमॅट मारायचा सल्ला मी देत नाही. उपग्रहच दिसत नसतील तर फॉरमॅटने अँटेना जोडला जात नाही, फोटो मात्र जातात.

इथं थांबा आणि फोन जाणकाराकडे द्या

फोन पडल्यापासून किंवा पाण्यात गेल्यापासून लोकेशन गेलं असेल, बॅटरी फुगून मागचं पॅनल उचललं असेल, किंवा टेस्टमध्ये उघड्यावर शून्य उपग्रह येत असतील तर घरी उघडू नका. मागचं पॅनल गोंदाने चिकटवलेलं असतं, उचकटताना बॅटरीला टोक लागलं तर आग लागते. वॉरंटी असेल तर फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, मधे कुणाला उघडू देऊ नका.

डिस्प्ले किंवा बॅटरी बदलल्यानंतर लोकेशन बिघडलं असेल तर ज्याने काम केलं त्याच्याकडेच जा आणि त्याला नेमकं हे सांगा. अँटेनाच्या पट्टीला बारीक स्प्रिंगसारखे संपर्क असतात, ते वाकलेले असतील किंवा एखादा स्क्रू लावायचा राहिला असेल तर सिग्नल अर्ध्यावर येतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे मागायला नकोत.

मदरबोर्डवरचा चिप गेलाय असं सांगितलं तर आधी खर्च विचारा, जुन्या फोनला तो बहुतेक वेळा परवडत नाही. पीक पाहणीसाठी तेवढ्याकरता नवीन फोन घ्यायची गरज नाही, एकाच मोबाइलवरून घरातल्या किंवा शेजारच्या खातेदाराचीही नोंद करता येते, चांगला फोन असलेल्याला सोबत घेऊन शेतात जा. दुरुस्तीला फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, पाहणीच्या नोंदी आधी अपलोड करा, आणि परत घेताना दुकानाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपमधला मीटरचा आकडा दहाच्या आत आलेला बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.